दुसरी भाकरी

“मोठा पट्टा परत कुणी नेला गं? ह्यात ह्यांचा दंड मावंना,” सिस्टर पुटपुटली ती मला उद्देशून नव्हे, पडद्यापलीकडच्या दुसरीला. पण माझा दंड तिच्या दोन्ही हातांत होता आणि तिचं तोंड माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, तेव्हा ते माझ्यासाठी नव्हतं असं मी तरी कसं समजू. ती बीपीच्या पट्ट्याचं टोक ओढायची, ते जेमतेम चिकटायचं, पंप दाबला की फर्रकन सुटायचं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा मी हसले. ही जुनी सवय. अंगाबद्दल कुणी काही बोललं की आधी आपण हसून घ्यायचं, म्हणजे समोरच्याची पंचाईत होत नाही. मी घरी ब्लाउज शिवते. बारामतीत आमच्या भागातल्या निम्म्याशिम्म्या बायकांचे दंड, छात्या, कंबरा माझ्या वहीत आहेत, आणि टेप लावताना मी आकडा कधी मोठ्यानं म्हणत नाही. लिहिते, आणि मागच्या वर्षीचा आकडा अंगठ्याखाली झाकून धरते. शिवणीत आतून दोन बोटं माया जास्तीची ठेवते, न सांगता. शिवण मला कुणी शिकवलं नाही, उसवून उसवून शिकले, आणि त्यातच हेही शिकले की बाईला आपलं माप ठाऊक असतंच, तिला ते फक्त दुसऱ्याच्या तोंडून नको असतं.

मोठा पट्टा शेवटी सापडला. बीपी थोडं वर. वजन ब्याऐंशी किलो चारशे. काट्यावरून उतरताना मी चपला कुठं काढल्या ते विसरले, म्हणून अनवाणीच डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. बाई तरुण होत्या, माझ्या लेकीपेक्षा, संस्कृतीपेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी सगळी कबुली तयार ठेवली होती. भात दोन्ही वेळा. चहा चार वेळा, साखरेचा. उरलेलं टाकवत नाही म्हणून उभ्याउभ्या संपवलेलं. पण त्यांनी जेवणाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, “पाळी कधी गेली?”

“पिशवी काढलीय. तेरा वर्षं झाली.”

“म्हणजे छत्तिसाव्या वर्षी.” पेन थांबलं. “कशासाठी?”

“अंगावरून फार जायचं.”

“गाठ वगैरे निघाली होती?”

“काय की.”

“आणि अंडाशयं? ती ठेवली होती का तीही काढली?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पिशवी काढली म्हणजे पिशवी काढली. शेत विकलं, पण त्यातली विहीर गेली का राहिली हेच मालकिणीला ठाऊक नसावं, तसं माझं झालं. मी हातातल्या पर्सची चेन उघडली, बंद केली. बाई रागावल्या नाहीत. सावकाश म्हणाल्या, वजनाचं सगळं खापर त्यावर फोडता येणार नाही, चालणं आणि खाणं सांभाळावं लागेलच. पण अंडाशयं काढली असतील तर तुमचं शरीर छत्तिसाव्या वर्षीच पन्नाशीत गेलं. हाडं, झोप, अंगाचा घेर, सगळ्यावर त्याचा फरक पडतो. हाडांची तपासणी करायची, औषध कुठलं द्यायचं, हे त्यावर ठरेल. ऑपरेशनची फाइल घेऊन या. मग जाताजाता, माझ्याकडे न बघता, कागदावर लिहीत म्हणाल्या, “त्याआधी गोळ्यांनी थांबतंय का, हे कुणी बघितलं होतं का, तेही कळेल.”

मी बाहेर आले. चपला वजनकाट्याशेजारीच होत्या, एक सरळ, एक उलटी.

त्या दिवसापासून डोक्यात एकच गोष्ट बसली. तेरा वर्षं मी माझ्या तोंडाला दोष दिला. भाताला दिला, आळसाला दिला, दुपारच्या झोपेला दिला. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध घेतलं, जिऱ्याचं पाणी घेतलं, एका बाईनं सांगितलं म्हणून महिनाभर नुसती मुगाची डाळ खाल्ली आणि शिवणयंत्रावर बसल्याबसल्या चक्कर येऊन सुई बोटात घालून घेतली. प्रत्येक वेळी वजन थोडं उतरायचं आणि पाहुण्यासारखं चार दिवसांनी परत यायचं, आपली पिशवी घेऊन. आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, माझाच तोंडावर ताबा नाही. आता कुणीतरी म्हणत होतं, की कदाचित तसं नसेलही. मला भांडायचं नव्हतं. एवढंच हवं होतं, की माझ्यातलं काय काय गेलं आणि ते जायला हवं होतं का, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मला सांगावं.

रविराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पहिल्या दिवशी विचारलं, माझी ऑपरेशनची फाइल कुठं आहे. तो म्हणाला, “असंल कुठंतरी.” दुसऱ्या दिवशी म्हणाला, “त्या टायमाला फाइल देतच नसायचे.” तिसऱ्या दिवशी म्हणाला, “घर बदललं तवा गेली वाटतं रद्दीत.” त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दिवसभर पाइपांची मापं तोंडपाठ सांगणारा माणूस. दहा वर्षांपूर्वी कुणाच्या शेतात किती मीटर नळी टाकली ते तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. सत्तावीस वर्षांत मला एक कळलंय. तो खोटं बोलायला लागला की उपयोगी पडायला लागतो. त्या आठवड्यात त्यानं चहाची भांडी विसळली. गॅसची नळी बदलली. फुटाण्यांचं पाकीट आणलं, “हे खात जा दुपारचं, हलकं असतंय,” म्हणून माझ्या यंत्राशेजारी ठेवलं. आणि सकाळी मी कालव्यावर चालायला निघाले तर हाही बूट घालून तयार. दोघं कालव्याच्या कडेनं चाललो. पाणी गढूळ, संथ. त्याच्यापेक्षा मी जोरात चालत होते. तो मागून म्हणाला, “लय झ्याक चालती की तू आता.” मी म्हटलं, “फाइल?” तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती, चिकटपट्टी होती.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. राजेश्वरी आली, माझी रोजची जोडीदारीण. शेजारच्या गल्लीतली, साडीखाली पांढरे बूट घालते, आणि चालताना बोलायचं थांबली तर दम लागतो म्हणते. आम्ही सकाळच्या एकूण नऊ जणी. गप्पा वजनाच्याच. कुणाची नणंद किती किलो उतरली, कुणाचं चालायचं मशीन घरी पडून कपडे वाळवायच्या कामाला आलं. संस्कृतीनं पुण्याहून मला पावलं मोजायचं घड्याळ पाठवलंय, ते हातात थरथरलं की राजेश्वरी म्हणते, “झाली बघ तुझी हजेरी.” त्या दिवशी मी चालताचालता विचारलं, “राजे, तुझी पिशवी काढली तेव्हा बाकीचं ठेवलं का?”

“बाकीचं कुठलं?”

“अंडाशयं.”

ती चार पावलं गप्प चालली. तिला दम लागला. “मला कुणी सांगितलंच न्हाय बाई,” ती म्हणाली. मग मागं वळून बाकीच्यांकडे पाहिलं, बोटांवर मोजल्यासारखं केलं. “ह्यातल्या सहा जणींची काढलीय. एकीनं काढली म्हणून दुसरीनं. मी तर माझ्या जावंबरोबर गेले होते सोबतीला, तर ती म्हणाली तू पण उरकून घे, परत कोण येतंय.” आणि हसली. मीही हसले. नऊ जणी कालव्यावरून चाललो होतो, कुणी ओटी सावरत, कुणी गुडघा धरत, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आम्ही सगळ्या कशाच्या तरी मागून चाललोय, आणि ते पुढं कुठं दिसत नाही.

सासूबाईंना आमचं हे चालणं मोठं गमतीचं वाटतं. त्यांचं नाव गोजरबाई, मी त्यांना आत्या म्हणते. राहतात कळंबला, माझ्या धाकट्या दिराकडं, माऊलीकडं. मागं चार दिवस बारामतीला आल्या होत्या, तेव्हा मी पहाटे बूट घालताना बघून त्यांनी विचारलं, “कुणीकडं?” म्हटलं, चालायला. “कुठवर?” म्हटलं, पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. “पुलावर काय हाय?” काही नाही. त्या म्हणाल्या, “जायचं कुटं न्हाय, आन चालायचं.” त्यांचं वजन आजही चाळीसच्या वर नसेल. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात तीनशे मेंढरं होती. आठ महिने वाटेवर. घोड्यावर भांडी, कोंबड्या, घोंगड्या आणि वर एखादं लेकरू. बाईनं लगाम धरून पुढं व्हायचं, संध्याकाळच्या आत मुक्काम गाठायचा, तीन दगड मांडायचे. रविराज असाच कुठल्याशा माळावर झाला. दुसरा दिवस विसावा, तिसऱ्या दिवशी पुढं. पावलं कुणी मोजली नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं होतं, वाटेवर असताना ते चार दिवस आले की काय करायचा? त्या तोंडाला पदर लावून हसल्या. “मेंढरामागं कोण बाजूला बसतंय गं? घोडं कुणी हाकायचं, पानी कुणी आनायचं? वाटंवर ईटाळ नसतो.” मग म्हस्कूआबांनी, माझ्या सासऱ्यांनी, मेंढरं विकली. पाटाच्या पाण्यावर शेत झालं, ऊस झाला, पक्कं घर झालं, घरात देवघर झालं. आणि देवघराबरोबर मागच्या दाराशी एक पोतं आलं, ज्यावर बाईनं महिन्यातले चार दिवस बसायचं. मी लग्न होऊन आले ती त्या पोत्याच्या काळात.

पोत्याचा मला राग नव्हता, खरं सांगायचं तर. चार दिवस चूल नाही, पाणी नाही, कुणी हाक मारत नाही. समोर कडब्याची गंज, तिच्यावर चिमण्या. मी पहिलं ब्लाउज त्या पोत्यावरच बसून उसवलं, माझ्या लग्नातलं, आत कसं जोडलंय ते बघायला. पण छत्तिसाव्या वर्षी चाराचे आठ झाले, आठाचे वीस. फाल्गुन सगळा पोत्यावर गेला. तेव्हा आम्ही कळंबलाच होतो, दुकान नंतरचं. घरात खाणारी आठ माणसं, आणि वैशाखात माऊलीचं लग्न ठरलेलं. लग्नाआधी घरच्या बिरोबाचं जागरण असतं. त्याचा नैवेद्य आमच्या घरात थोरल्या सुनेच्या हातचाच लागतो, दुसऱ्या कुणाच्या हातचा चालत नाही. थोरली सून मी. थोरली सून पोत्यावर. आणि आत चुलीपुढं आत्या, ज्यांच्या हातांची बोटं त्या वर्षी आखडायला लागली होती. मला मागच्या दारातून त्यांच्या भाकरीचा आवाज यायचा. चांगल्या हाताचा आवाज एका लयीत येतो, थपथपथप. त्यांचा यायचा थप, मग काही नाही, मग थप. मधल्या त्या थांबण्यात मी श्वास धरून बसायचे. बाहेर आल्या की दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. मला म्हणाल्या नाहीत काही. पण माझ्या पुढ्यात ताट सरकवताना एकदा ताट निसटलं, आणि आम्ही दोघी त्या मातीत पडलेल्या भाकरीकडे बघत राहिलो.

मग बारामतीला नेलं. एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, दवाखाना जुना, भिंतीवर बाळाचं चित्र. त्यांनी तपासलं, म्हणाल्या कपडे नीट करून या, आणि स्वतः बाहेर गेल्या. बाहेर रविराज आणि आत्या. मी परकराची गाठ मारत होते. दारातून त्यांचं एवढंच ऐकू आलं, “तीन महिने.” बाकी पंख्याच्या आवाजात गेलं. मी बाहेर आले तर रविराजच्या हातात एक कागद, चौकोनी घडी घातलेला. आत्या आधीच बाहेर निघून उन्हात उभ्या. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, “पिशवीच काढायची म्हनत्यात. सारजाची काढली की, कशी ठणठणीत हाय.” सारजा म्हणजे आमच्या मागच्या घरातली. मी म्हटलं, बरं. आठ दिवसांत दुसऱ्याच गावात एका दवाखान्यात काढली. जागरणाला मी उठून बसत होते. टाके ओढायचे, पण नैवेद्य माझ्या हातचा झाला. सगळ्यांनी कौतुक केलं. हे खोटं कसं बोलू, मलाही बरंच वाटलं होतं. पोतं गेलं. आता सगळे दिवस सारखे. दीडेक वर्षानं रात्री अंगाची आग व्हायला लागली, हाडं दुखायला लागली, तेव्हा मी समजले, शिवणकाम जास्त होतंय. त्या ‘तीन महिने’ शब्दांकडे मी तेरा वर्षांत एकदाही वळून पाहिलं नाही. तीन महिने काय? विश्रांती? वाट बघायची? आता ते दोन शब्द शिवणयंत्राच्या पायाबरोबर वरखाली व्हायला लागले.

आणि एक गोष्ट, जी मी गंमत म्हणून सगळ्यांना सांगत आलेय. ऑपरेशननंतर आत्यांनी मला चाळीस दिवस बाळंतिणीसारखं खाऊ घातलं. डिंकाचे लाडू, खारकांचे लाडू, अळिवाची खीर. मी म्हटलं, आत्या, बाळ कुठाय? त्या म्हणाल्या, “खा.” चाळीस दिवस संपले, पण ते थांबलंच नाही. आम्ही बारामतीला आलो तर दर पंधरवड्याला एसटीतून कुणाच्या तरी हाती डबा. लाडवांचा डबा, लोण्याचा डबा. कळंबला गेलं की माझ्या ताटात पहिली भाकरी, आणि ती अर्धी होते न होते तोच दुसरी, वर तुपाची धार, बोट बुडेल एवढी. दुसरी भाकरी न विचारता येते. जाऊबाई रेश्मा तोंड वाकडं करून हसते, “थोरल्या बाईंचं ताट येगळं असतंय बाई, आमी आपल्या कोरड्यावर.” आणि मी खाते. सासू वाढतेय आणि सून नको म्हणतेय, असं आमच्यात होत नाही. तेरा वर्षं गुणिले किती भाकरी, हा हिशेब डॉक्टरीणबाईंनी मागितला नाही, नाहीतर तोही दिला असता.

आठवडा सरला तशी मी रविराजला काही न सांगता निघाले. कळंबला जाणारी सकाळची वालचंदनगरची एसटी. दोघांच्या सीटवर खिडकीला चिकटून, खांदे आत ओढून बसले, शेजारी येईल तिला जागा व्हावी म्हणून. एक म्हातारी आली, बसली, आणि म्हणाली, “बस की ऐसपैस, मी काय एवढीशी.” उसाचे ट्रॅक्टर पुढं, दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागं एसटी मुंगीच्या पावलानं. ट्रॉलीबाहेर लोंबणारी वाढी, उसाचे हिरवे शेंडे, काचेला घासत होती. गाडी वेग धरत नव्हती याचं मला बरं वाटत होतं. रविराजचा फोन आला. “दुकानात जेवायचा डबा न्हाय आज?” म्हटलं, कळंबला चाललेय. पलीकडं त्यानं कुणा गिऱ्हाइकाला थांब म्हटलं. मग म्हणाला, “आईला लय बोलू नगं. तिला आता सोसत न्हाय.” तो फाइलबद्दल काही म्हणाला नाही, मीही नाही. पण त्यालाही ठाऊक होतं मी कशाला चाललेय, आणि आता मलाही ठाऊक झालं की फाइल कुठं आहे.

घरी रेश्मा नव्हती, माऊलीबरोबर मक्यात गेलेली. आत्या परसातल्या चुलीपुढं. गॅस आहे, पण भाकरी त्या चुलीवरच करतात, अजूनही, दिवसाला चार-पाच. बाकीच्या रेश्मा करते. मला बघून म्हणाल्या, “एकटीच?” म्हटलं, “हं.” “वाळल्यासारखी दिसतीस.” हे त्या प्रत्येक वेळी म्हणतात. ब्याऐंशी किलोच्या बाईला वाळली म्हणणारं जगात हे एकच माणूस. मी चपला काढल्या, पाय धुतले, चुलीजवळ पाट ओढून बसले. म्हटलं, “आत्या, माझ्या ऑपरेशनचे कागद पाहिजेत. डॉक्टर मागतायत.”

त्यांनी परातीतल्या पिठात पाणी घातलं. “जेव आधी.”

“कागद आहेत ना?”

“आसत्याल. जेव आधी.”

बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याचं भरीत. चटणीत लसूण ताजा होता. मी जेवत होते आणि त्यांच्या हातांकडे बघत होते. बोटं आता पार वाकलेली, पेरांवर गाठी. भाकरी त्या बोटांनी थापत नाहीत, तळव्याच्या कडेनं दाबतात. थप, मग काही नाही, मग थप. मधल्या त्या थांबण्यात मी पुन्हा श्वास धरला, तेरा वर्षांपूर्वीसारखाच. फरक एवढाच की तेव्हा मी दाराबाहेर होते. धुरानं त्यांचे डोळे पाणावले होते, किंवा धुरानंच असतील असं मी समजले. त्यांनी विचारलं, “डागदर काय म्हनली?” म्हटलं, “विचारत होती, आतलं काय काय काढलं. आणि विचारत होती, त्याआधी गोळ्या देऊन बघितलं होतं का.” चुलीतलं लाकूड त्यांनी थोडं बाहेर ओढलं. जाळ खाली बसला. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि तिचा वास आला, करपल्याचा नव्हे, त्याच्या जरासा आधीचा. मग त्यांनी ती उलटली, आराला लावली, फुगली. भरली भाकरी, चंद्रासारखी वगैरे काही नाही, आमच्या घरच्या भाकरीसारखी. ती तळहातावर घेऊन त्या माझ्याकडे वळल्या. दुसऱ्या हातात तुपाची वाटी.

मी ताटावर हात आडवा धरला.

मी हे ठरवून केलं नव्हतं. पहिल्या भाकरीनं पोट भरलं होतं, एवढंच होतं ते. पण तेरा वर्षांत पहिल्यांदा हात आडवा झाला होता, आणि तो तिथं ताटावर दिसत होता, जाड, बांगड्या रुतलेला, माझा. “बास, आत्या,” मी म्हटलं. “भरलं पोट.”

“अर्धी.”

“नको.”

“तूप तरी.”

“नको, आत्या.”

भाकरीची वाफ त्यांच्या तोंडावर. ती गरम असणार, तळहात भाजत असणार, पण त्यांनी ती खाली ठेवली नाही. कुंपणापलीकडं सारजाच्या घरी कुणीतरी मोटार सुरू केली, पाण्याचा आवाज आला. मला वाटलं, आता हात काढून घ्यावा. खाल्ली असती मी ती भाकरी. एका भाकरीनं काय होतंय, एवढ्या खाल्ल्या. घड्याळ मनगटावर थरथरलं, बराच वेळ बसून आहात, उठा, असं त्यात येतं. मी उठले नाही आणि हातही काढला नाही.

मग आत्यांनी भाकरी टोपल्यात ठेवली. तुपाची वाटी चुलीच्या कडेला. गुडघ्यावर हात रोवून उठल्या, आत गेल्या. देवघराच्या खोलीत म्हस्कूआबांची काळी घोंगडी घडी करून ट्रंकेवर ठेवलेली असते, तिला कुणी हात लावत नाही. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज मला आला नाही. फक्त घोंगडीची घडी झटकल्याचा आला. म्हणजे त्यांना शोधावं लागलं नाही.

परत आल्या त्या दोन्ही हातांत धरून, देवाचं ताट धरावं तशा. प्लास्टिकची निळी फाइल, कोपरे पिवळे पडलेले. आणि तिच्यावर वेगळा एक कागद, चौकोनी घडी घातलेला. घडी मी ओळखली. आत्यांना वाचता येत नाही, पण कुठला कागद कुठला हे त्यांना ठाऊक होतं. फाइल त्यांनी माझ्या उजव्या बाजूला ठेवली आणि तो घडीचा कागद माझ्या आडव्या हातावर, ताटाच्या वर, जिथं दुसरी भाकरी यायची तिथं. मी तो उघडला. वर बारामतीच्या त्या जुन्या दवाखान्याचं नाव, खाली दोन गोळ्यांची नावं, समोर सकाळ-संध्याकाळच्या खुणा, आणि सगळ्यात खाली मराठीत, वळणदार अक्षरात, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवणे. औषधाच्या दुकानाचा शिक्का नव्हता. कागद कुणी कुठं दाखवलाच नव्हता. घडीच्या रेघांवर तो इतका मऊ झाला होता, की जणू वरचेवर कुणीतरी उघडून परत मिटत होतं.

आत्या पाटावर बसल्या नाहीत. माझ्या समोर, खाली, जमिनीवर बसल्या, पाय पोटाशी घेऊन, पोत्यावर बसावं तशा. वाकड्या बोटांनी चुलीपुढची राख सारखी केली. मी त्यांचं काही ओढून काढणार नव्हते. मी फक्त हात तिथंच ठेवला होता.

“गरज न्हवती, मनिषा,” त्या राखेकडे बघत म्हणाल्या. “त्या बाईनं गोळ्या लिवल्या व्हत्या, तीन म्हैनं थांबा म्हनली व्हती. रव्या आनाय निगाला व्हता, म्याच आडवला. लगीन दीड म्हैन्यावर आन माज्या हातानं भाकरी हुईनात, म्हनून म्या तुजी पिशवी काढाय लावली.”